हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल: थर्टी-थर्टी, पस्तीस रेमिंग्टन की फॉर्टी-फाइव्ह-सेव्हंटी?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा चिपळूणचा, गेली अकरा वर्षं मध्य पेन्सिल्व्हेनियात आहे. शेजारच्या आजोबांमुळे (वय ७८, अजून स्वतः हरीण ओढून आणतात) शिकारीला जायला लागलो, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, गेल्या वर्षी पहिला सीझन झाला. तेव्हा त्यांचीच .२७० ची बोल्ट-अ‍ॅक्शन घेऊन बसलो होतो, वर मोठा स्कोप (नेम धरायची दुर्बीण). सकाळी साडेसातला लॉरेलच्या झुडपांतून एक मादी निघाली, जेमतेम तीस यार्डांवर. रायफल खांद्याला लावली तर स्कोपात नुसते तपकिरी केस दिसतात. पाठ आहे का मान आहे का मांडी, काही कळेना. स्कोप नऊपट मोठं दाखवण्यावर ठेवलेला होता. तो कमी करेपर्यंत ती शेपटी वर करून गेली.

आमच्या जंगलात हेमलॉक आणि लॉरेल इतकं दाट आहे की चाळीस ते नव्वद यार्डांपलीकडे दिसतच नाही. म्हणून आता हलकी, पटकन खांद्याला येणारी, चापाखालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस आत घेणारी लिव्हर-अ‍ॅक्शन घ्यायची ठरवलीय. रायफल आवडली की घेईन हो, पण काडतूस कुठलं ते ठरत नाहीये. .३०-३०, .३५ रेमिंग्टन, .४५-७०, .४४ मॅग्नम, का सरळ .३०८? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

गारठा_मिनेसोटा
थर्टी-थर्टी. नव्वद यार्डांसाठी दुसरं काही शोधायची गरज नाही.

तोफखाना
वरच्यांशी सहमत, पण कारण सांगतो म्हणजे तुम्हाला स्वतःला पटेल.

विंचेस्टरची १८९४ ची रायफल जॉन ब्राउनिंगने डिझाइन केली, आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी हे काडतूस आलं. अमेरिकेत शिकारीसाठी खास बनवलेलं, बिनधुराच्या दारूचं हे पहिलं लहान व्यासाचं काडतूस. नावातला पहिला तीस म्हणजे गोळीचा व्यास, दुसरा तीस म्हणजे तेव्हाची दारू, तीस ग्रेन. (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.)

आजच्या फॅक्टरी काडतुसात १५० ग्रेनची गोळी २३९० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, १७० ग्रेनची साधारण २२००. नळीच्या तोंडाशी ऊर्जा १५० ग्रेनला १९०० फूट-पाउंड. .३०८ ला हाच आकडा २६५० च्या आसपास जातो, म्हणून लोकांना वाटतं थर्टी-थर्टी लेचंपेचं आहे. पण शंभर यार्डांवर झीरो केली (म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर बसेल असा स्कोप लावला) तर दोनशेला ती सात-आठ इंच खाली येते आणि .३०८ साडेतीन-चार इंच. तुम्ही दोनशेवर मारणारच नाही, तर त्या फरकाचं तुम्हाला काय करायचंय? नव्वद यार्डांच्या आत गोळी कुठल्या काडतुसातून आली हे हरणाला कळत नाही, कुठे लागली तेवढंच कळतं.

.३५ रेमिंग्टन पण सुंदर आहे. २०० ग्रेन, २०८० चा वेग, ऊर्जा थर्टी-थर्टीएवढीच पण गोळी जाड आणि जड. पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या मंडळींचं फार लाडकं. अडचण एकच, काडतुसं मिळत नाहीत. मिळाली की चार डबे उचलून ठेवावे लागतात.

मचाणावरून
तोफखाना, एक राहिलं तुमचं. नव्या माणसाला हे सगळ्यात आधी सांगायला हवं. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक झोपलेली असतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, थेट प्रायमरला (ठोका बसला की पेटणारी टिकली) टेकलेलं. टोकदार गोळी घातली आणि धक्क्याने प्रायमरवर ठोका बसला तर ट्यूबमध्येच बार होऊ शकतो, आणि ट्यूब तुमच्या डाव्या हातात असते! म्हणून चपट्या किंवा बोथट नाकाच्याच गोळ्या. हॉर्नाडीची लिव्हरेव्होल्यूशन मिळते तिला टोक असतं पण ते मऊ रबरासारखं दबणारं आहे, ती चालते. बाकी टोकदार काहीही घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

वाशिष्ठीकाठ
बापरे. हे मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

कॅस्केडवासी
मी जरा वेगळं बोलतो. वॉशिंग्टन राज्यात राहतो, सहा सीझन झाले .४५-७० वापरतोय आणि मला दुसरं नको. १८७३ साली अमेरिकन लष्कराने हे काडतूस घेतलं, दीडशे वर्षं झाली तरी चालू आहे, याला काहीतरी अर्थ असेल ना. ३०० ग्रेनची गोळी बसली की हरीण तिथेच बसतं, आणि आमच्याकडे अस्वलं आहेत, त्यामुळे हातात दणकट काहीतरी असलं की मन शांत राहतं. माझं एकही हरीण चाळीस यार्डांपेक्षा लांब पळालेलं नाही.

तोफखाना
कॅस्केडवासी, अस्वलाचं एकदम मान्य. पण यांना शिकार व्हाइटटेलची (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) करायचीय, तीही दुसऱ्याच सीझनला. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हंटीचा धक्का नव्या माणसाच्या अंगवळणी पडत नाही. दोन डबे रेंजवर उडवले की तिसऱ्या दिवशी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात, आणि ती सवय जायला वर्ष लागतं. शिवाय पल्ला बघा, जुन्या पद्धतीची ४०५ ग्रेनची गोळी १३३० च्या वेगाने निघते, शंभरला झीरो असेल तर दोनशेला दोन फुटांच्या आसपास खाली.

आणि कोणी जुनी ट्रॅपडोअर रायफल (लष्कराची त्या काळातली) हौसेने घेतली असेल तर तिच्यात आजची जोरदार काडतुसं चुकूनही घालू नका. डब्यावर नीट वाचा कुठल्या रायफलसाठी आहेत ते. काडतूस बसतं म्हणजे ती रायफल त्याचा दाब सोसेल असं नाही.

कॅस्केडवासी
धक्क्याचं नाकारत नाही. सुरुवातीला माझाही खांदा काळानिळा झाला होता. पण हलकी काडतुसं मिळतात, त्यावर सराव करता येतो.

वैनगंगेची_लेक
मी ओहायोत आहे, मूळ गाव भंडारा जिल्ह्यात. आमच्याकडे हा सगळा वाद निम्मा कायद्यानेच मिटतो. ओहायोत हरणासाठी बाटलीसारख्या गळ्याची रायफल काडतुसं चालतच नाहीत, सरळ भिंतीचं काडतूस हवं, .३५७ ते .५० व्यासाचं. म्हणजे थर्टी-थर्टी बाद, पस्तीस रेमिंग्टन बाद, .३०८ बाद. पूर्वी तर काडतुसाची रायफल चालायचीच नाही, बहुतेक जण शॉटगनची स्लग (एकच जड गोळी) वापरायचे, २०१४ पासून सरळ भिंतीची काडतुसं चालू झाली. जमीन सपाट, वस्ती जवळजवळ, चुकलेली गोळी फार लांब जाऊ नये असा त्यामागे विचार. मग उरतात .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४४४ मार्लिन, .४५-७०, .३५० लेजंड आणि २०२३ मध्ये आलेलं .३६० बकहॅमर, जे थर्टी-थर्टीच्याच केसवरून (काडतुसाचं पितळी नळकांडं) बनवलंय.

मी .४४ मॅग्नम घेतली होती. आता जे सांगतेय ते सांगायला मला तीन वर्षं लागली.

तिसरा सीझन होता. मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला बसले होते, संध्याकाळ, उजेड अजून बरा होता. पलीकडच्या बांधावर एक नर आला. मला वाटलं शंभर यार्ड. माझी रायफल पन्नासला झीरो केलेली, कारण रेंजवर आम्ही पन्नासवरच सराव करायचो. बार टाकला. हरणाने पाठ कुबडासारखी वर केली आणि हळू हळू चालत झाडीत गेलं, पळालं नाही. मला आनंद झाला, वाटलं लागलं, आता पडेल. जिथे उभं होतं तिथे गेले तर रक्त जवळजवळ नाहीच, आखूड पांढुरके केस आणि मक्याच्या धाटावर हिरवट ओलं काहीतरी. वास आला तेव्हा कळलं. पोटात लागली होती.

नवऱ्याला फोन केला, त्याने त्याच्या मित्राला विचारलं, तो म्हणाला आत्ता अजिबात मागे जाऊ नका, आठ-दहा तास थांबा, आत्ता हुसकावलं तर मैलभर जाईल. थांबलो. रात्रभर मी जागी. पहाटे हेडलॅम्प लावून निघालो, शेवटचा डाग दिसला की तिथे टॉयलेट पेपरचा तुकडा लावायचा आणि पुढचा डाग शोधायचा, कधी दहा पावलांवर, कधी तीस पावलांवर टाचणीच्या डोक्याएवढा. मधे माग तुटला. एका ओळखीच्यांचा दोरीला बांधलेला मागाचा कुत्रा आणला, ओहायोत ते चालतं, त्याने अकराच्या सुमाराला ओढ्याकाठी नेऊन उभं केलं. मेलेलं होतं, पण अंगाखालची पानं सगळी उकरलेली होती. लगेच मेलं नव्हतं.

नंतर अंतर मोजलं. १४० यार्ड. माझ्या झीरोला तिथे गोळी फूटभर खाली जाते. .४४ ची २४० ग्रेनची गोळी रायफलमधून १७६० ने निघते पण शंभर यार्डांपर्यंत १४०० च्याही खाली येते, त्यानंतर दगडासारखी पडते. हे सगळं डब्यावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

आता माझ्याकडे बकहॅमर आहे, पण काडतूस बदललं म्हणून मी सुधारले असं नाही. रेंजफाइंडर घेतला, बसल्या बसल्या आधी झाडं मोजून ठेवते, हे साठ, ते नव्वद, आणि शंभराच्या पलीकडचं झाड माझं नाही. वाशिष्ठीकाठ, काहीही घ्या, पण त्या काडतुसाची गोळी तुमच्या झीरोला कुठे कुठे जाते ते कागदावर स्वतः मारून बघा. पन्नास, पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे.

मचाणावरून
ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. लोक फोटो टाकतात, हे कोणी टाकत नाही.

नव्यांसाठी यालाच जोडून: गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबलात की पुरे, जवळच पडलेलं असतं. गडद काळपट लाल म्हणजे बहुतेक यकृत, चार तास तरी थांबा. हिरवट आणि वास, म्हणजे ताईंनी केलं तसंच.

समई
मी शाकाहारी आहे आणि हा धागा चुकून उघडला. ताईंचं वाचून पोटात कालवलं. मला प्रामाणिकपणे विचारायचंय, रागावू नका, दुकानात सगळं मिळत असताना हे करायचंच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ती चांगलीच झाली ना?

गारठा_मिनेसोटा
समई, चांगलीच झाली. तिथली जंगलं आणि जनावरं ज्या अवस्थेला पोचली होती त्यात ते गरजेचंच होतं. इथे परिस्थिती उलटी आहे, लांडगे आणि प्युमा बहुतेक भागांतून माणसाने संपवले आणि हरणं वाढत गेली. जंगलात नवी रोपं वर यायच्या आधी खाऊन टाकतात, रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. राज्याचं खातं दरवर्षी गणित करून किती माद्या, किती नर ते ठरवतं आणि तेवढीच परवानगी देतं. मी मांस खातो. वर्षाला दोन हरणं, आमच्या घरात बाकी लाल मांस विकत येत नाही.

समई
उत्तर पूर्ण पटलं नाही पण समजलं. मांस खाणाऱ्याने स्वतः त्याची जबाबदारी घ्यावी हे मात्र मला मान्य आहे. वाचत राहीन.

आंबोलीचा_पाऊस
थोडं अवांतर. माझ्या पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती, भातशेतीच्या राखणीचा परवाना होता, डुकरं यायची. आजी सांगायची की दारू, मग चिंधी, मग गोळी, मग परत चिंधी असं ठासायचं आणि एकच बार, चुकला की संपलं, तोवर डुक्कर पलीकडच्या डोंगरात. त्यामुळे ते वीस पावलांच्या आत आल्याशिवाय बार काढायचेच नाहीत, रात्र रात्र माळ्यावर बसायचे. इथे हे सगळं यार्डांचं वाचताना तेच आठवत होतं.

वाशिष्ठीकाठ
आंबोली, आमच्या वाडीत पण होती एक, दस्त्याला पितळेची पट्टी मारलेली. आजोबांना (इथल्या) सांगितलं तर ते म्हणाले तुमचे ते लोक माझ्यापेक्षा चांगले शिकारी असणार.

कायदेपंडित_नाही
वाचणाऱ्यांत बरेच जण व्हिसावर असतील म्हणून महत्त्वाचं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. पण एच-१बी, एल-१, एफ-१ वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते आधी काढा, मग रायफलीला हात लावा. मित्राची रायफल रेंजवर 'जरा बघू' म्हणून घेतली तरी तो ताबाच धरला जातो. आणि लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, रायफल तशीच घरात पडून राहिली तर गुन्हा होतो. माझ्या एका ओळखीच्याला हे उशिरा कळलं, वकिलाचे पैसे गेले आणि दोन वर्षं झोप गेली. वकिलाला विचारूनच करा.

नागपुरी_संत्रं
.३०८ घ्या असं कोणी म्हटलंच नाही. ब्राउनिंगची बीएलआर घ्या ना भाऊ, लिव्हर-अ‍ॅक्शनच आहे पण खाली बॉक्स मॅगझिन (काडतुसं एकावर एक बसतात ती पेटी), म्हणजे टोकदार गोळ्या बिनधास्त चालतात. जुनी सॅव्हेज ९९ पण तशीच, तिच्यात काडतुसं गोल फिरकीत बसतात. उद्या कॅन्सस किंवा वायोमिंगला उघड्या माळावर जायचं झालं तर दुसरी रायफल घ्यावी लागणार नाही.

तोफखाना
संत्रं, मुद्दा बरोबर आहे, आणि सॅव्हेज ९९ म्हणजे माझा जीव आहे. पण यांना हेमलॉकच्या झाडीत हलकं काहीतरी हवंय, कॅन्सस नकोय :) गेले की बघू.

मचाणावरून
रायफलीचंही बोलूया. विंचेस्टर ९४ सडपातळ, हातात धरून चालायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण जुन्या ९४ मधून रिकामं केस वरून बाहेर उडतं, त्यामुळे स्कोप मधोमध बसत नाही. मार्लिन ३३६ ला वरून बंद छत आणि केस बाजूने बाहेर, छोटा स्कोप आरामात बसतो. रुगरने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतल्यापासूनच्या रायफली मी पाहिल्यात, काम स्वच्छ आहे.

जुनी घेणार असाल तर तिला वेगळी सेफ्टी नसते, हॅमर (बंदुकीचा घोडा) हाफ-कॉकवर, म्हणजे अर्धाच मागे ओढून, ठेवायचा असतो. थंडीत बोटं बधिर असताना भरलेल्या चेंबरवर (नळीत काडतूस असताना) अंगठ्याने हॅमर हळू खाली आणणं, हे रिकाम्या रायफलीवर घरी शंभर वेळा करा. हातमोजे घालून करा. नळी जमिनीकडे.

वाशिष्ठीकाठ
ठरलं! मार्लिन ३३६, वापरलेली, थर्टी-थर्टी. आजोबांच्या ओळखीच्यांकडून मिळाली. आता १५० ग्रेन की १७०? आणि शिशाचं काय, घरात लहान मुलगी आहे, मांस तीही खाणार.

गारठा_मिनेसोटा
दोन्ही चालतात, तुमच्या रायफलीला जी आवडेल ती. दोन्हींचे पाच पाच बार कागदावर काढा, जिची भोकं जवळ जवळ पडतील ती घ्या.

मुलीसाठी तांब्याची गोळी घ्या. शिशाची गोळी आत फुटते आणि बारीक कण जखमेपासून वीतभर लांबच्या मांसातही जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. बार्न्सची थर्टी-थर्टीसाठी चपट्या नाकाची तांब्याची १५० ग्रेनची मिळते. महाग आहे. शिशाचीच वापरणार असाल तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका आणि खिम्यात जाऊ देऊ नका. आणि तुमच्या भागात सीडब्ल्यूडी (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) आहे का बघा, असेल तर डोकं टेस्टिंगला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरला.

वाशिष्ठीकाठ
मंडळी, सीझन झाला. उशिरा लिहितोय, माफ करा.

ऑक्टोबरभर दर रविवारी रेंजवर गेलो. ताईंनी सांगितलं तसं पन्नास, पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे, सगळं कागदावर मारलं आणि ते कागद घरी भिंतीवर लावले. सव्वाशेला माझ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत पसरत होत्या. म्हणून ठरवलं, ऐंशीच्या पुढे नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, ओपनिंग डे. रात्री पाऊस होऊन गेलेला, पानं ओली, पावलांचा आवाज नाही. नारिंगी टोपी आणि जाकीट घालून हेमलॉकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. नऊ वाजता एक मोठा नर दिसला, वरच्या उतारावर, आदल्या दिवशी मोजलेल्या पडलेल्या झाडाच्याही पलीकडे. ते झाड ९५ होतं. रायफल खांद्याला लागली होती, हॅमर मागे होता. मग अंगठा घालून खाली आणला, तसाच, शंभर वेळा केला होता तसा. आजोबांना नंतर सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसती थर्मासमधली कॉफी माझ्या कपात ओतली.

सव्वातीनला एक मादी आली, ५५ यार्ड, बाजू पूर्ण माझ्याकडे. स्कोप दोनवर होता, सगळं हरीण दिसत होतं, कान, पाय, सगळं. एक बार. मागचे पाय झाडून पळाली, साधारण साठ पावलं, आणि पडल्याचा आवाज आला. तरी अर्धा तास थांबलो. पानांवर गुलाबी फेस होता. तांब्याची गोळी आरपार गेली होती.

ताई, झाडं आधी मोजून ठेवायचं तुम्ही सांगितलं नसतं तर त्या नरावर मी नक्की बार टाकला असता.

वैनगंगेची_लेक
वाचून डोळ्यांत पाणी आलं. अभिनंदन दादा. मांसाचं काय केलंत?

वाशिष्ठीकाठ
अर्धं आजोबांना. मागच्या पायाचं आईच्या पद्धतीने भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण लावून सुकं केलं. चरबी अगदी नाही, त्यामुळे मटणासारखं तासभर शिजवलं तर चिवट होतं, पहिल्या वेळी झालं. आता दही-आलं-लसूण लावून रात्रभर ठेवतो आणि कुकरला न लावता मंद आचेवर झाकण ठेवून शिजवतो. मुलीने दोनदा मागून घेतलं.

कॅस्केडवासी
पाककृतीचा वेगळा धागा काढा, प्रमाणासकट. माझ्याकडे आख्खा खांदा फ्रीझरमध्ये पडलाय.